कपबशी कुणाची? (परभणीच्या हॉटेलांची थोडी जुनी गोष्ट)

परभणीत हॉटेल म्हणजे राहायची जागा नव्हे. राहायची ती लॉज. हॉटेल म्हणजे चहा, भजे, आलुबोंडा, काचेच्या कपाटात रचलेली बालुशाही आणि गल्ल्याच्या मागे 'उधारी बंद'ची पाटी. पुण्यातल्या मित्राला "चल, हॉटेलात बसू" म्हटलं की तो आधी खिसा चाचपतो. परभणीचा माणूस सरळ चालायला लागतो.

आणि आमच्याकडे हॉटेलात 'जाऊ' असं फारसं कुणी म्हणत नाही. 'बसू' म्हणतात. गेले काही महिने मी घरातल्या आणि ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकच प्रश्न विचारत सुटलो आहे: तुम्ही पहिल्यांदा हॉटेलात कधी बसलात? मला वाटलं होतं, काय खाल्लं, किती आण्यांना खाल्लं, त्या भज्यांची चव आता कशी राहिली नाही, अशी उत्तरं मिळतील. ती मिळालीच. पण बहुतेकांनी आधी सांगितलं ते हे, की शेजारी कोण होतं, कुणी बघितलं का, आणि कप कुणाचा होता. पदार्थ नंतर आले. तेव्हा परभणीत बाहेर खाण्याचा इतिहास लिहायचा तर तो चवीपासून सुरू करून चालणार नाही, कपबशीपासूनच करावा लागेल असं मला वाटू लागलं आहे.

आमच्या आजीच्या लेखी बाहेर खाणं म्हणजे चैन नव्हती, नामुष्की होती. "गावात आपलं कुणी न्हाई का, हॉटेलात खायला?" हा तिचा कायमचा सवाल. अन्न विकायचं नसतं ही जुनी समजूत पक्की होती. शिजवलेलं अन्न द्यायचं ते पाहुण्याला, भिकाऱ्याला, गड्याला. त्याचे पैसे घेणारा माणूस जरा खालचाच. निजामाच्या राज्यात कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. त्याच्या कचेरीत तारखेला येणारी माणसं आमच्या ओसरीवर उतरायची. नातं असो नसो, गावाचं नाव सांगितलं की पुरे. आजोबा कचेरीत कारकून होते, त्यामुळे जिंतूर, पाथरी, गंगाखेड, हिंगोली (हिंगोली तेव्हा आमच्याच जिल्ह्यात, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला) सगळीकडची माणसं पंगतीला असत. अशा गावात खानावळ चालणार कशी? ज्याला ओसरीच नाही त्याच्याच जिवावर. बदलून आलेले मास्तर, एकटे कारकून, रेल्वेतले बाबू. आणि ज्याला कुणाच्याच ओसरीवर वर येऊ दिलं जात नव्हतं, तो. त्याच्याकडे पुढे येतो.

चहासारख्या निरुपद्रवी गोष्टीवरून केवढा गहजब होऊ शकतो हे पुण्यानं १८९० साली दाखवलंच होतं. पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी जमली, समोर चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, हे गृहस्थ आयुष्यभर कुणाला ना कुणाला अडचणीत आणत राहिले) उपस्थितांची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. पुण्यातल्या एवढ्या मोठ्या माणसांची ही कथा, तर परभणीच्या कारकुनाची काय बिशाद!

परभणीत चहा आणला तो माझ्या मते रेल्वेनं. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटर गेज लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली. रेल्वे आली म्हणजे स्टेशन आलं, गाडीची वाट बघणं आलं, आणि वाट बघणाऱ्या माणसाला काहीतरी विकणारा दुसरा माणूस आला. चहाचे मळेवाले गप्प बसले नव्हते. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे १९३७ पासून खास मंडळच होतं. त्यांची माणसं गावोगाव फुकट चहा पाजत फिरत, आणि रेल्वे स्टेशनं तर त्यांना आयतीच सापडली. आज आपण चहाला सनातन समजतो, पण या देशात तो अक्षरशः जाहिरात करून पाजावा लागला आहे.

स्टेशनवरच्या चहाला मात्र धर्म होता. 'हिंदू चाय', 'मुसलमान चाय', तसंच 'हिंदू पानी', 'मुसलमान पानी', असा पुकारा त्या काळी देशभरच्या स्टेशनांवर व्हायचा. आजोबांना तो चांगला आठवत होता. गंमत अशी की आजोबांनी गावात आयुष्यभर हॉटेलची पायरी चढली नाही, पण प्रवासात ते स्टेशनवरचा चहा घेत. "गाडीत सोवळं न्हाई" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. त्यात तर्क शोधण्यात अर्थ नाही, पण रेल्वेनं काय केलं ते या तीन शब्दांत आलं.

दुसरी वाट हैदराबादची. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मुंबईला इराण्याची हॉटेलं, तशीच हैदराबादलाही. संगमरवरी टेबलं, पाठीला गोल लाकडी टेका असलेल्या खुर्च्या, दाट दुधाचा चहा आणि उस्मानिया बिस्किटं. परभणीची टेबलं संगमरवरी वगैरे नव्हती, पण बसायची तऱ्हा तिकडून आली. एका चहावर तासभर बसायचं, गाणी ऐकायची, आणि एक चहा दोघांत वाटून घ्यायचा. त्याला आमच्याकडे 'वन बाय टू' म्हणतात, मुंबईचं 'कटिंग' आम्हाला फार उशिरा कळलं. मुसलमान मोहल्ल्यातल्या हॉटेलांत सकाळी खिचडी-खिमा, नहारी, पाया. नान-खलिया हे औरंगाबादचं प्रकरण, त्याचा संबंध लोक थेट महंमद तुघलकाच्या दौलताबादच्या स्वारीशी जोडतात. आमच्याकडे तहारीचा मान मोठा.

या हॉटेलांचा एक गुण सगळ्यांनीच सांगितला. तिथे जात विचारत नसत. त्यामुळे तिथे दोन प्रकारची गिऱ्हाइकं हमखास असायची. एक, ज्यांना दुसरीकडे बसू देत नसत ते. आणि दुसरे, आमच्यासारख्या घरांतली चोरून खिमा खाणारी पोरं. आजोबांचे धाकटे भाऊ या दुसऱ्या प्रकारात होते. मागच्या दारानं शिरायचे आणि तोंडाचा वास जावा म्हणून परतताना पान खायचे. काकू-आजींना हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोघंही आता नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही. (चुलत भावंडांनो, रागावू नका.)

मधली दोन वर्षं मी इथे घाईनं ओलांडतो आहे. आधी रझाकारांचा धुमाकूळ, मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरलं आणि सुंदरलाल समितीनं ज्याची नोंद केली, ते. माझ्या घरातली माणसं पहिल्या गोष्टीबद्दल तासन् तास बोलतात, दुसरीचा उत्सव करतात, आणि तिसरीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे मराठवाडा मुक्त होऊन जेमतेम अडीच महिने होत असताना, दिल्लीला घटना समितीत एका कलमावर चर्चा चालू होती. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही, असं ते कलम. आज ते १५(२) म्हणून ओळखलं जातं. 'दुकान' या शब्दात न्हाव्याचं दुकान येतं का, धोब्याचं येतं का, अशी विचारणा सभासद करत होते, आणि डॉ. आंबेडकर सांगत होते की शब्द व्यापक अर्थानं घेतला आहे. देशाची घटना लिहिताना हॉटेलचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावर आपण कधी थांबून विचार करतो का? मी तरी हे काम हाती घेईपर्यंत केला नव्हता. पुढे १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. त्यानं तर आणखी बारकाईनं लिहिलं: हॉटेलात, धर्मशाळेत सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरायला मनाई करणं हा गुन्हा. भांडी! म्हणजे कपबशीच की.

कायद्याला कपबशीपर्यंत का उतरावं लागलं हे मला माझ्या एका वर्गमित्राच्या वडिलांनी सांगितलं. ते जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. नाव लिहू नको म्हणाले, लिहीत नाही. गावच्या हॉटेलात महार-मांगांसाठीचे कप वेगळे. ते बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेले असत, कान तुटलेले. आपणच उचलायचा, धरायचा, वरून चहा ओतला जायचा. उकिडवं बसून प्यायचा, हौदावर विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. पैसे फळीवर ठेवायचे. "चहाचा भाव मात्र सगळ्यांना एकच होता," काका म्हणाले आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

हे एका गावाचं नव्हतं. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त गावच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीचा आणि त्याविरुद्ध पोरांनी केलेल्या तक्रारीचा प्रसंग आहे, तो अक्कलकोटकडचा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे बसून चहा घेतला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण असा राजा किती गावांना मिळाला?

काकांना पुढे रेल्वेत नोकरी लागली, पूर्णेला. पूर्णा म्हणजे तेव्हा मीटर गेजचं मोठं जंक्शन. लोको शेड, क्वार्टर्स, तेलुगू बोलणारे ड्रायव्हर, उर्दू बोलणारे फिटर, सगळ्या जातींची गँगमन मंडळी. तिथे स्टेशनबाहेरच्या हॉटेलात ते पहिल्यांदा गेले आणि सवयीनं दाराशीच उभे राहिले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "बैठो ना भाई, रस्ता कायको रोकते?" काका सांगतात, त्या दिवशी त्यांनी तीन चहा घेतले.

मी विचारलं, "काका, कायदा आल्यावर गावात कप बदलले का?"

"कप न्हाई बदलले बाळा. आम्ही गाव बदललं."

१९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, बहिष्कार पडले, त्यानंतर त्यांचे भाऊही परभणीला आले. परभणीतल्या कितीतरी वस्त्या अशा माणसांनी भरल्या आहेत. शहर वाढलं ते सगळंच काही कारखान्यांनी वाढलं नाही.

हे सगळं गंभीर झालं, आता जरा मोंढ्यात जाऊ. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, हा शब्द पुण्याकडच्या वाचकांना सांगावा लागतो. कापूस, ज्वारी, तूर, मूग, पुढे सोयाबीन. शेतकरी पहाटे बैलगाडी जुंपून यायचा, अडत दुकानासमोर माल उतरवायचा, आणि बोली लागेपर्यंत बसून राहायचा. मोंढ्यातली हॉटेलं उजाडायच्या आत भट्ट्या पेटवत, कारण हमाल त्याही आधी आलेले असत. इथे एक पद्धत होती, ती मी लहानपणी डोळ्यांनी बघितलेली आहे. भाकरी घरची, रस्सा हॉटेलचा. फडक्यात बांधून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी टेबलावर सोडायच्या, कांदा बुक्कीनं फोडायचा, आणि हॉटेलवाल्याकडून फक्त रस्सा किंवा नुसतेच भजे घ्यायचे. हॉटेलवाल्याला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट एखादा रस्सा संपला तर वाढून देई. आता कुठल्याही चकचकीत ठिकाणी 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी वाचली की मला ते फडकं आठवतं. अन्न विकू नये या आजीच्या समजुतीला मोंढ्यानं काढलेला हा तोडगाच म्हणायचा: मुख्य अन्न घरचंच, विकत घेतलं ते तोंडी लावणं.

भज्यांबद्दल दोन शब्द. परभणीत 'भजी' नाही, भजे. मिरचीचे भजे वेगळे आणि गोल भजे वेगळे. सोबत तळलेली मिरची, मीठ चोळलेली, आणि एका कागदावर सगळा ढीग. प्लेट कशाला? कढईत तेल किती दिवसांचं आहे हे विचारायचं नाही, ते सभ्यपणाचं लक्षण नव्हे. सुशीला मात्र हॉटेलात क्वचित. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला हा आमचा अस्सल नाश्ता अजून घराघरातच जास्त होतो. पुण्याला नवीन माणसाला 'सकाळी सुशीला खाल्ली' असं सांगून बघा, काय चेहरा होतो ते.

मोंढ्याच्या हॉटेलातला आणखी एक माणूस मी विसरलो असतो. बारक्या. दहा-बारा वर्षांचं पोर, एका हातात किटली, दुसऱ्या हाताच्या बोटांत ग्लासांची माळ, अडत दुकानांतून फिरणारं. प्रत्येक हॉटेलात एक बारक्या असायचाच, आणि प्रत्येकाचं नाव बारक्याच असायचं. तो आमच्याच वयाचा आहे आणि शाळेत दिसत नाही, हे आम्हाला कधी खटकलं नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये हॉटेलांत, ढाब्यांवर चौदा वर्षांखालची मुलं कामाला ठेवायला बंदी आली, त्यानंतर बारक्या कमी होत गेले. टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ असूनही टेबलाशी कधीच न बसलेला तो एकटाच.

रेल्वेनंतर यष्टी. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्येच सत्तावीस बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली होती. आपल्या इकडच्या एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ ला, म्हणजे याबाबतीत आम्ही मागास नव्हतो, एवढं अभिमानानं नोंदवून ठेवतो. ('जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण उगाच नाही पडली. कशी पडली याच्या मात्र डझनभर कथा आहेत.) स्टँडचं कँटीन सरकारी जागेतलं. तिथे कुणाला हटकण्याची सोय नव्हती. काकांसारखी माणसं गावच्या हॉटेलाऐवजी स्टँडवर चहा प्यायची ती चवीसाठी नक्कीच नाही. त्या चहाची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना हे पटेल.

१८ मे १९७२ ला परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं (२०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे). कृषी महाविद्यालय त्याआधीपासून होतंच. साल बघा: १९७२, म्हणजे मोठ्या दुष्काळाचं. गावाकडे अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी, आणि इकडे नव्या विद्यापीठाच्या इमारती. विद्यापीठानं भेंडीची 'परभणी क्रांती' दिली, पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारी, ती ऐंशीच्या दशकात देशभर गेली. पण गावाला त्यानं आणखी एक पीक दिलं: हजारभर तरुण पोरं, ज्यांना घर नव्हतं, भूक होती आणि महिन्याच्या सुरुवातीला मनीऑर्डर यायची. मेसचा रविवारचा एक वेळ बंद, म्हणून रविवारी रात्री स्टेशन रोडपर्यंत पायपीट. विदर्भ, खानदेश, कोकणातून आलेली पोरं, एका ताटात चौघं जेवणारी. त्यांच्यात जात नव्हती असं मी म्हणणार नाही, होस्टेलच्या खोल्यांत ती चांगलीच होती. पण हॉटेलातलं बिल चौघांत वाटायचं म्हटल्यावर टेबल एकच लागतं. सामोसे, पावभाजी, डोसा हे सगळं परभणीत रुळवलं ते या पोरांनी, असं जुने हॉटेलवाले सांगतात.

आता राहिल्या बायका. इतका वेळ एकही बाई आली नाही हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझ्या आत्यानं लगेच पकडलं. "तू नुसते बाप्येच लिहिलेस की रे," म्हणाली. तिला विचारलं, तू पहिल्यांदा बाहेर कधी खाल्लंस? ती म्हणाली, उरुसात.

परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा मोठा उरूस भरतो आणि त्यात सगळ्या जातीधर्मांचं गाव लोटतं. पाळणे, बांगड्या, मौत का कुआँ आणि हलवा-पराठा. तव्यावर अंथरुणाएवढा पराठा, तो तोडून वजनावर द्यायचा आणि वर रव्याचा केशरी हलवा. आत्या आठ-दहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर तो उभ्यानं खात आली. म्हणजे माझी तीच आजी, 'हॉटेलात खायला गावात कुणी न्हाई का' विचारणारी! मी हे आत्याला म्हटलं तर ती म्हणाली, "उरूस म्हंजे काय हॉटेल आहे का? तो परसाद." बायकांनी बाहेर खायची पहिली वाट ही अशी देवाच्या, पिराच्या दारातून गेली. गंगाखेडला गोदावरीवर स्नानाला जाणं, जनाबाईचं दर्शन, जत्रा, उरूस. तिथे गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही.

हॉटेलात बसायला आत्याला वयाची चाळिशी गाठावी लागली. 'फॅमिली रूमची सोय' अशी पाटी लागली तेव्हा. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचं खोकं आणि त्याला मळकट पडदा. आत पंखा नसे, उजेड नसे. "डोसा चांगला असेल, दिसला न्हाई," ही आत्याची प्रतिक्रिया. तो पडदा बायकांना झाकायला होता की बाहेरच्या बाप्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पडद्यामागं का होईना, खुर्ची मिळाली. पडदा गेला तो पुढे, आइस्क्रीमची दुकानं आली आणि शिकवणीला जाणाऱ्या मुली घोळक्यानं बाहेर पडायला लागल्या तेव्हा. एकट्या बाईनं मोंढ्यातल्या हॉटेलात चहा पीत बसलेलं मात्र मी आजपर्यंत पाहिलेलं नाही.

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. नव्वदच्या दशकात ब्रॉड गेज आली. वसमत रोड, जिंतूर रोडला ढाबे झाले, मग 'फॅमिली ढाबे', मग लॉन आणि कारंजी. घरी माणूस आलं की आता आपणच म्हणतो, चला बाहेरच जाऊ. २०१५ च्या मार्चमध्ये बैलांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली, आणि मोहल्ल्यातल्या जुन्या हॉटेलांचा हिशेब बदलला. म्हशीचं चालतं, पण कबाबची थाळी पूर्वीसारखी हमालाच्या खिशाला परवडेनाशी झाली अशी तक्रार ऐकू येते. त्याच वर्षी शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यात सविस्तर आहे. जे अन्न कुठल्याच हॉटेलच्या पाटीवर कधी आलं नाही, ते. जरूर वाचा.

आणि कपबशी? ती गेलीच. आधी काचेचे ग्लास आले, मग प्लॅस्टिकचे कप, २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर कागदाचे. एका अर्थानं कटकटच मिटली. ज्याचा त्याचा कप, पिऊन फेकायचा, कुणी कुणाचा विसळायचा नाही. पण प्रश्न सुटून कप गेले की कप जाऊन प्रश्न झाकला गेला? डिसेंबर २०२४ मध्ये परभणी स्टेशनबाहेर, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, गाव पेटलं, कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. ज्या पुस्तकात हॉटेलचं कलम आहे तेच ते पुस्तक, आणि स्टेशनाजवळच्या हॉटेलांची शटरं तेव्हा खाली होती.

मागच्या दिवाळीत काकांना घेऊन स्टेशन रोडला गेलो होतो. आता ऐंशीच्या पुढे आहेत. कागदी कप बघून त्यांनी मान हलवली. "कपबशी असल तर द्या मालक," म्हणाले. मालक विशीतला पोरगा, त्याला आधी कळेचना. मग आतून कुठून तरी एक शोधून, विसळून आणली. काकांनी कप फिरवून कान बघितला, बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत सावकाश प्यायला. मी काही विचारलं नाही.

अजून पुष्कळ राहिलं आहे. सेलू-मानवतच्या मारवाडी मिठाईवाल्यांचं मला काहीच नीट लिहिता आलेलं नाही, आणि एकट्या बायकांनी चालवलेल्या खानावळींचं तर एक अक्षरही नाही. गंगाखेडच्या मावशींना त्यातल्या दोन-तीन आठवतात म्हणे. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जाणार आहे. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर तोच प्रश्न विचारून ठेवा, आणि काय खाल्लं एवढ्यावर थांबू नका.